दोन-तीन वर्षांच्या मुलाचा दात अख्ख्या मुळासकट पडतो तेव्हा : हायपोफॉस्फेटेशिया आणि दुधाचे दात

दंतपंक्ती (धागा सुरू करताना)

लहान मुलांचे दात तपासणाऱ्या जनरल डेंटिस्टांना आणि बालरोगतज्ज्ञांना हाताशी ठेवता येईल अशी माहिती एका जागी यावी, म्हणून हा धागा काढत आहे.

दुधाचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. पडलेल्या दाताला तेव्हा मूळ जवळपास उरलेलेच नसते, कारण खालून वर येणाऱ्या कायमच्या दातासोबत ते हळूहळू विरघळून गेलेले असते. हायपोफॉस्फेटेशियात (अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम कमी पडल्याने हाडांत आणि दातांत खनिज नीट न बसण्याचा आनुवंशिक आजार) मात्र दोन-अडीच वर्षांच्या मुलाचा खालचा पुढचा दात लांबसडक मुळासकट हातात येतो. दुखत नाही, फारसे रक्तही येत नाही. बहुतेक ठिकाणी "कुठेतरी आपटला असेल" म्हणून विषय संपतो आणि दात फेकला जातो. पाठ्यपुस्तकांत या आजाराला फार तर एक परिच्छेद मिळतो, तोही हाडांबद्दल.

माझे प्रश्न :

मूळ शाबूत असताना दात सुटतो कसा? मार लागून पडलेल्या दातापेक्षा तो वेगळा ओळखायचा कशावरून? रक्तातल्या अल्कलाइन फॉस्फेटेजचा आकडा नेमका कसा वाचायचा? उरलेले हलणारे दात बांधून ठेवायचे, की काढायचे? आणि पालक सगळ्यात आधी विचारतात तो प्रश्न : कायमचे दातही असेच जाणार का?

---

बालदंत

पहिल्या दोन प्रश्नांपासून सुरू करतो, कारण निदानाची किल्ली तिथेच आहे.

दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो, तो टांगलेला असतो. मुळाच्या पृष्ठभागावर सिमेंटम नावाचा पातळ खनिजयुक्त थर असतो. पेरिओडाँटल लिगामेंटचे तंतू एका टोकाला जबड्याच्या हाडात आणि दुसऱ्या टोकाला या सिमेंटममध्ये रुतलेले असतात. मुळाच्या वरच्या, म्हणजे मानेकडच्या भागात पेशीविरहित सिमेंटम असते आणि दाताची पकड मुख्यतः त्याच्यावर अवलंबून असते. हायपोफॉस्फेटेशियात नेमका हाच थर तयार होत नाही किंवा अगदी तुटपुंजा तयार होतो. तंतू आहेत, हाड आहे, मूळही आहे. पण तंतूंना धरायला जागा नाही. त्यामुळे दात नुसता निसटतो.

हा थर का बनत नाही, तर अल्कलाइन फॉस्फेटेजचा हाडे, दात, यकृत आणि मूत्रपिंड यांत असणारा प्रकार या आजारात कमी काम करतो. त्याचे एक काम म्हणजे पायरोफॉस्फेटचे तुकडे करणे. पायरोफॉस्फेट म्हणजे दोन फॉस्फेट जोडून बनलेला छोटा रेणू. तो हाडा-दातांच्या मुख्य खनिजाच्या, म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटच्या स्फटिकांना चिकटतो आणि त्यांची वाढ थांबवतो. एन्झाइम कमी पडले की पायरोफॉस्फेट साचतो आणि खनिज बसणे अडते. हाडावर हा परिणाम होतोच, पण पेशीविरहित सिमेंटम पायरोफॉस्फेटच्या बाबतीत विलक्षण संवेदनशील आहे. याची उलट बाजूही उंदरांत दिसली आहे : ज्या उंदरांत पायरोफॉस्फेट कमी असतो, त्यांचे सिमेंटम कित्येक पटींनी जाड होते. म्हणूनच हाडांची तक्रार नावालाही नसताना फक्त दातांवरून आजार उघड होऊ शकतो. या सौम्य रूपाला ओडाँटो-हायपोफॉस्फेटेशिया म्हणतात.

पडणारे दात बहुधा ठरलेल्या क्रमाने जातात. आधी खालचे मधले पटाशीचे, मग त्यांच्या बाजूचे आणि वरचे पटाशीचे, त्यानंतर सुळे. दाढा बऱ्याचदा टिकतात. त्यांना एकाहून अधिक मुळे असतात आणि टोकाकडे पेशीयुक्त सिमेंटम असते, त्यामुळे पकड तुलनेने बरी राहते.

आता दात हातात आल्यावर काय पाहायचे ते. पालकांना दात घेऊन यायला सांगा. जुना असला तरी चालेल. तो उजेडात धरा आणि भिंगाखाली बघा.

मूळ पूर्ण लांबीचे आहे का? पृष्ठभाग गुळगुळीत, कोरल्यासारखा स्वच्छ आहे का? मार लागून उपटलेल्या दाताच्या मुळाला तंतूंचे, मांसल ऊतींचे तुकडे चिकटलेले असतात. हिरडी फाटलेली असते, रक्त भरपूर येते, ओठाला जखम किंवा सूज असते. हायपोफॉस्फेटेशियातला दात सोललेल्या बीसारखा बाहेर येतो. नैसर्गिकरीत्या पडलेल्या दाताचे मूळ वाकडेतिकडे कुरतडलेले, बहुधा जिभेच्या बाजूने जास्त झिजलेले दिसते, कारण कायमच्या पटाशीच्या दाताचा अंकुर त्या बाजूला असतो.

इथे एक गफलत नेहमी होते. खालच्या मधल्या दुधाच्या दाताचे मूळ पूर्ण व्हायला मूल साधारण दीड वर्षाचे व्हावे लागते. बाराव्या-चौदाव्या महिन्यात दात पडला तर मुळाचे टोक उघडे, नरसाळ्यासारखे असणारच. ते पाहून "मूळ विरघळले आहे, म्हणजे नैसर्गिक पडझड" असा निष्कर्ष काढू नका. अपुऱ्या वाढलेल्या मुळाची कड पातळ आणि सगळीकडे सारखी असते. विरघळलेल्या मुळाची कड खडबडीत आणि असमान असते.

एक्स-रेमध्ये तीन गोष्टी शोधा : पल्पची (दाताच्या आतल्या मऊ गराची) पोकळी आणि मुळाची नळी वयाच्या मानाने रुंद, डेंटिन (इनॅमलखालचा कठीण थर) पातळ, आणि पुढच्या दातांभोवतीचे हाड आडवे खाली गेलेले. लहान मुलाला ओपीजीसाठी (संपूर्ण जबड्याचा एकच मोठा एक्स-रे) स्थिर उभे करणे पाच वर्षांच्या आधी क्वचितच जमते. तेव्हा सगळ्यात छोट्या आकाराची फिल्म किंवा सेन्सर घेऊन पुढच्या दातांचा एक आणि जमल्यास दाढांचा एक एवढे एक्स-रे पुरतात.

---

सीरम

अल्कलाइन फॉस्फेटेजबद्दल (यापुढे एएलपी) लिहितो. या आजाराचे निदान हुकते ते बहुतेक वेळा प्रयोगशाळेच्या कागदावर, तपासणीच्या चुकीमुळे नव्हे, तर वाचण्याच्या सवयीमुळे.

पहिली सवय : एएलपी वाढले की सगळे सावध होतात, कारण यकृत किंवा मुडदूस. कमी आले तर कुणी बघत नाही. दुसरी, आणि जास्त नुकसान करणारी : अहवालावर मोठ्यांची रेंज छापलेली असते. मोठ्या माणसात साधारण ४० ते १२० किंवा १३० युनिट प्रति लिटर ही नेहमीची पातळी. वाढत्या मुलाचे हाड सतत तयार होत असते, त्यामुळे एक ते नऊ वर्षांच्या मुलात ती साधारण १४० ते ३३५च्या दरम्यान असते. आता तीन वर्षांच्या मुलाचा आकडा ७० आला, तर मोठ्यांच्या रेंजमध्ये तो अगदी मधोमध बसतो. कागदावर ना बाण, ना ठळक अक्षर. प्रत्यक्षात तो वयाच्या किमान पातळीच्या निम्मा आहे. म्हणून अहवाल हातात आला की छापील रेंज झाकून ठेवा आणि मुलाचे वय व त्याच प्रयोगशाळेची त्या वयाची रेंज मागून घ्या. वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका.

आकडा खरोखर कमी असेल तर लगेच आजाराचे नाव घेण्याआधी खोटी कारणे बाद करायची.

नमुना कोणत्या ट्यूबमध्ये घेतला? एएलपीला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधले ईडीटीए हे दोन्ही धातू पकडून ठेवते. जांभळ्या ट्यूबमधले थेंब सीरमच्या ट्यूबमध्ये गेले, किंवा आधी जांभळी ट्यूब भरून मग सीरमची भरली, तर एएलपी खोटेच पडते. ही भेसळ पकडायची सोपी खूण म्हणजे त्याच नमुन्यात पोटॅशियम अकारण खूप जास्त आणि कॅल्शियम खूप कमी दिसते. असे दिसले तर आकड्यावर विचार करू नका, नमुना पुन्हा घ्या.

खऱ्या अर्थाने एएलपी कमी करणारी इतर कारणेही आहेत : जस्ताची किंवा मॅग्नेशियमची कमतरता, स्कर्व्ही, हायपोथायरॉइडिझम, सिलिअ‍ॅक, तीव्र रक्तक्षय, तीव्र कुपोषण, विल्सनचा आजार, स्टेरॉइड दीर्घकाळ चालू असणे, ड जीवनसत्त्वाचा अतिरेक, मोठी हृदयशस्त्रक्रिया किंवा भरपूर रक्त चढवणे. गंभीर आजारात काही दिवस आकडा तात्पुरता खाली जातो. म्हणून मूल बरे असताना, काही आठवड्यांच्या अंतराने दुसऱ्यांदा तपासा. हायपोफॉस्फेटेशियात आकडा कायम कमीच राहतो. जुने अहवाल घरात असतील तर तेही मागवा. वर्षभरापूर्वी तापासाठी केलेल्या तपासणीत तो आकडा पडून असतो.

दोनदा कमी आला, तर पुढची तपासणी पायरिडॉक्सल-५-फॉस्फेटची, म्हणजे ब६ जीवनसत्त्वाच्या रक्तातल्या रूपाची. हे एन्झाइम त्याच्यावरही काम करते, त्यामुळे या आजारात ते साचून पातळी वाढते. दोन पथ्ये पाळा. ब६ असलेले कोणतेही टॉनिक किंवा मल्टिव्हिटॅमिन किमान आठवडाभर आधी, मुलाच्या डॉक्टरांना विचारूनच, बंद करा. नाहीतर वाढलेली पातळी गोळीची की आजाराची ते कळणार नाही. (ज्या बाळाला झटक्यांसाठी ब६ चालू आहे, त्याचे मात्र तपासणीसाठी कधीही थांबवायचे नाही.) आणि नमुना उजेडापासून झाकून पाठवा, हे संयुग प्रकाशात नष्ट होते. लघवीतले फॉस्फोइथेनॉलअमाइनही वाढते, पण ते इतर काही आजारांतही वाढू शकते आणि वयानुसार बदलते. त्यामुळे एकट्या त्याच्यावर निदान उभे करू नये.

---

हिरडी

बालदंत यांनी लिहिलेले सगळे मान्य. एक बाजू जोडतो : पाच वर्षांच्या आत पडलेला प्रत्येक दात हायपोफॉस्फेटेशियाचा नसतो, आणि त्यातली काही कारणे याहून तातडीची आहेत.

हिरडीकडे बघा. हायपोफॉस्फेटेशियात हिरडी बहुधा शांत असते : गुलाबी, घट्ट, क्वचित किंचित सूज. हिरडी लालभडक, सुजलेली, पू येणारी, आणि दात पटापट सैल होत असतील तर विचार वेगळा. तळहात-तळपायांची कातडी जाड, खवलेदार असेल तर पॅपियाँ-लेफेव्र सिंड्रोम (त्वचा आणि हिरड्यांचा आनुवंशिक आजार). ठरावीक दिवसांनी, साधारण तीन आठवड्यांच्या फेऱ्याने, ताप आणि तोंडात व्रण येत असतील तर सायक्लिक न्यूट्रोपेनिया (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी ठरावीक काळाने कमी होणे). त्यासाठी एकच सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पुरत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा अशी काही आठवडे करावी लागते. एक्स-रेमध्ये दाढांभोवतीचे हाड खणून काढल्यासारखे गेलेले आणि दात हवेत तरंगत असल्यासारखे दिसले तर लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस (लँगरहॅन्स नावाच्या पेशी बेसुमार वाढण्याचा आजार). हिरड्या फुगलेल्या, फिकटपणा, अंगावर जांभळे डाग असतील तर त्याच दिवशी सीबीसी. ल्युकेमिया आधी बाद करायचा, दातांचे नंतर बघू. आणि आपटल्याची गोष्ट मुलाच्या वयाशी किंवा जखमेशी जुळत नसेल, तर मुलाला कुणी मारत आहे का याचाही विचार करायचाच असतो.

एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटिमियाशी याची गल्लत होते, नावेही सारखी वाटतात. दोन्ही हाडांचे चयापचयाचे आजार, दोन्ही दातांत दिसतात, पण चित्र जवळजवळ उलट. त्या आजारात मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जाते. रक्तातले फॉस्फेट कमी आणि एएलपी जास्त. दात पडत नाहीत. न किडलेल्या, बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या दुधाच्या दातावर हिरडीला पुवाची पुटकुळी येते. डेंटिन नीट जुळलेले नसते आणि पल्पची शिंगे इनॅमलपर्यंत पोचलेली असतात. दाताचे टोक थोडे झिजले तरी जंतूंना आत वाट मिळते. थोडक्यात : दात अख्खा पडला तर एएलपी कमी आहे का ते बघा, न किडता गळू झाले तर फॉस्फेट कमी आहे का ते बघा. साध्या मुडदूसातही एएलपी जास्त असते. एक्स-रेवर मुडदुसासारखी हाडे आणि रक्तात कमी एएलपी अशी जोडी समोर आली तर हायपोफॉस्फेटेशियाचे नाव पहिले.

पडलेला दात जपण्याबद्दल. उकळू नका, ब्लीचमध्ये घालू नका. हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) पाठवायचा असेल तर १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, दाताच्या आकारमानाच्या किमान दहापट द्रावणात. फॉर्मेलिन हाताशी नसेल तर पाण्याने धुऊन, वाळवून, स्वच्छ डबीत. वर दाताचे नाव आणि पडल्याची तारीख. पॅथॉलॉजिस्टला चिठ्ठीत स्पष्ट लिहा की "मुळाच्या मानेकडील भागात पेशीविरहित सिमेंटम आहे का ते पाहावे". नुसते "दात" लिहून पाठवला तर अहवालात पल्प आणि डेंटिनचे वर्णन येईल, सिमेंटमवर एक शब्द नसेल. दाताशेजारी मोजपट्टी ठेवून फोटोही काढा.

---

दंतपंक्ती

आभार. एएलपी मोठ्यांच्या रेंजमध्ये "नॉर्मल" दिसते हा मुद्दा प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर लावावा असा आहे.

दोन उपप्रश्न. दात हलतात, हाडे दुखतात असे ऐकले की कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचा मोठा डोस सुरू होतो. या आजारात ते चालते का? आणि दातांशिवाय मुलात आणखी काय बघून पुढे पाठवायचे?

---

वाढ आणि हाडे

कॅल्शियम-डच्या प्रश्नाचे उत्तर ठासून द्यायला हवे. नेहमीच्या मुडदुसात कच्चा माल कमी असतो, म्हणून तो पुरवला की हाड सुधारते. इथे कच्चा माल आहे, तो बसू शकत नाही. रक्तातले कॅल्शियम आणि फॉस्फेट नॉर्मल किंवा उलट जास्तच असते. अशा मुलाला ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस आणि वर कॅल्शियम दिले, तर रक्तात आणि लघवीत कॅल्शियम वाढते, मूत्रपिंडात ते साचते, मूल उलट्या करू लागते, खाणे सोडते. ड जीवनसत्त्वाची कमतरता मात्र या मुलांतही असू शकते आणि ती तशीच सोडायची नसते. पातळी मोजून, नेहमीच्या डोसमध्ये, कॅल्शियमवर लक्ष ठेवून ती भरून काढायची. "हाड कमजोर, म्हणून जास्त द्या" हे इथे चुकीचे.

त्याहून महत्त्वाचे : बिस्फॉस्फोनेट (हाडांची झीज रोखणारी औषधे) देऊ नये. ही औषधे रचनेने पायरोफॉस्फेटचीच भावंडे आहेत. ज्या रेणूच्या अतिरेकाने आजार झाला त्याच्यासारखाच रेणू आपण वरून घालतो. मोठ्यांमध्ये एएलपी न बघता ऑस्टिओपोरोसिस समजून ती दिली गेली आणि मांडीच्या हाडाला अनपेक्षित फ्रॅक्चर झाली, अशी उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

पुढे पाठवताना काय बघायचे? मूल अठरा महिन्यांनंतर चालायला लागले का? बदकासारखी डुलत चाल, जिने चढताना थकवा, पळणे टाळणे, जमिनीवरून उठताना हात मांडीवर टेकवणे? पाय दुखल्यामुळे रात्री उठते का? उंची-वजन मागे पडते आहे का? मनगट आणि गुडघ्याच्या एक्स-रेत वाढीच्या टोकाकडून आत घुसलेले जिभेच्या आकाराचे काळे पट्टे दिसले तर ते या आजाराचे खास चिन्ह. डोक्याचा आकार बघायला विसरू नका : कवटीचे सांधे वेळेआधी जुळू शकतात आणि मेंदूवर दाब येऊ शकतो. डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, डोळ्यांमागच्या नसेची सूज हे गंभीर. मूत्रपिंडाची सोनोग्राफी सुरुवातीलाच एकदा करावी.

तीव्रतेचा पल्ला फार मोठा आहे. कॅनडातले बालरोगतज्ज्ञ जॉन रॅथबन यांनी १९४८ मध्ये या आजाराला नाव दिले ते अशा बाळावरून, ज्याला तीव्र मुडदूस होता, झटके येत होते आणि एएलपी मात्र अत्यल्प होते. झटके येतात कारण ब६ मेंदूच्या पेशींत शिरण्यासाठी त्याचा फॉस्फेट आधी सुटावा लागतो, आणि तो हेच एन्झाइम सोडवते. दुसऱ्या टोकाला फक्त दातांचा प्रकार. तीव्र प्रकार साधारण एक लाखात एक असे १९५७ मध्ये कॅनडातल्या अभ्यासातून मांडले गेले. मॅनिटोबातल्या मेनोनाइट समाजात मात्र तो अडीच हजारांत एक एवढा आढळतो. सौम्य रूप याहून बरेच जास्त असते, निदान होत नाही एवढेच.

उपचार : अस्फोटेज आल्फा नावाचे बदली एन्झाइम २०१५ मध्ये जपान, युरोप आणि अमेरिकेत मंजूर झाले. त्याला जोडलेली अ‍ॅस्पार्टिक आम्लाची शेपटी हाडाच्या खनिजाला चिकटते, त्यामुळे ते जिथे हवे तिथे पोचते. डोस आठवड्याला किलोमागे ६ मिलिग्रॅम : २ मिलिग्रॅम आठवड्यातून तीनदा किंवा १ मिलिग्रॅम सहादा, त्वचेखाली. जागा बदलत राहावे लागते. एकाच जागी टोचले तर तिथली चरबी कमी होते किंवा गाठ येते. डोळे आणि मूत्रपिंड यांत कॅल्शियम साचते का ते ठरावीक काळाने तपासायचे. हे औषध लहानपणी सुरू झालेल्या, हाडांवर परिणाम झालेल्या आजारासाठी आहे. फक्त दात पडले म्हणून ते सहसा सुरू करत नाहीत. आजाराच्या उंदरांना जन्मापासून दिल्यावर सिमेंटम तयार झालेले दिसले. पण मुलाचा जो दात आधीच सैल आहे, तो औषधाने पुन्हा घट्ट बसेल अशी आशा पालकांना दाखवू नये. त्याचे मूळ सिमेंटमशिवाय बनून झालेले असते.

---

सीरम

वरच्याला जोड : हे एन्झाइम चालू असताना रक्तातले एएलपी हजारांच्या घरात जाते. त्यावरून उपचार लागू पडतो की नाही हे ठरत नाही, आणि घाबरायचेही कारण नाही. पण ज्या तपासण्यांच्या किटमध्ये एएलपी हेच रंग आणणारे एन्झाइम म्हणून वापरलेले असते, त्यांचे आकडे चुकू शकतात. काही हॉर्मोन आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी तपासणी) त्यात येतात. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर औषधाचे नाव लिहा, म्हणजे दुसऱ्या पद्धतीने तपासता येईल.

---

बालदंत

आता उरलेल्या दातांचे.

हलणारे दात तारेने बांधून ठेवावेत का? माझे मत : नको. स्प्लिंट उपयोगी पडते तेव्हा, जेव्हा तंतू पुन्हा जुळण्याची शक्यता असते. इथे जुळायला पृष्ठभागच नाही. उलट बांधणीभोवती प्लाक साचतो, हिरडी सुजते आणि शेजारचा जरा बरा दातही सैल दातांचे ओझे वाहतो. पडलेला दुधाचा दात परत बसवण्याचा तर प्रश्नच नाही. तो कोणत्याच मुलात बसवत नाहीत, खालच्या अंकुराला इजा होते.

काढायचा कधी? चावताना दुखत असेल, हिरडीत वारंवार सूज येत असेल, किंवा इतका लोंबत असेल की झोपेत श्वासनलिकेत जाण्याची भीती असेल तेव्हा. बाकी वेळी आपोआप पडू द्या. कोणत्याही कारणाने पूर्ण भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञाला सैल दातांची यादी आधी लिहून द्या. लॅरिंगोस्कोपचा (श्वासनळी घालताना घसा उघडून धरणाऱ्या उपकरणाचा) पुढच्या दातांवर जरा दाब पडला तरी ते घशात जातात.

किडीबाबत फार दक्ष राहायचे. इनॅमल काही मुलांत कच्चे असते, डेंटिन पातळ आणि पल्प मोठा, म्हणून छोटी दिसणारी कीड लवकर पल्पपर्यंत जाते. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट दिवसातून दोनदा. ५ टक्के सोडियम फ्लोराइड वार्निश दर तीन महिन्यांनी. "दात हलतात, ब्रश नको" असे घरी ठरवले जाते, तिथून हिरडीचा खरा आजार सुरू होतो. मऊ ब्रश हलक्या हाताने चालवायचाच. दाढेची कीड खोल असेल तर मोठी फिलिंग करत बसण्यापेक्षा तयार स्टीलचा क्राउन बरा. दाढा हेच पुढे कवळीचे आधार असतात.

कवळी : तीन वर्षांच्या आसपास, मूल सहकार्य करत असेल तर काढघालीची अ‍ॅक्रिलिकची छोटी कवळी देता येते. पटाशीचे चारही दात गेल्यावर "त, थ, द, ध, न, स" हे उच्चार बिघडतात, जीभ फटीतून पुढे येते आणि तोडून खाता येत नाही. क्लास्प (कवळी धरून ठेवणारी तारेची पकड) दुसऱ्या दाढांवर घ्या, सुळ्यांवर नको. सुळे सैल असतात आणि क्लास्प त्यांनाच आधी उपटतो. अ‍ॅक्रिलिकचा तळ रुंद ठेवा म्हणजे भार हिरडीवर पसरतो. रात्री काढायची. दर तीन महिन्यांनी तपासा. जबडा वाढतो तशी ती आवळते आणि पुन्हा बनवावी लागते. कायमचे पटाशीचे दात डोकावू लागले की पुढचा भाग घासून मोकळा करा. हे विसरल्यामुळे येणारे दात अडलेले पाहिले जातात.

जागा राखण्याचा विचार मुख्यतः दाढांपुरता. सुळे आलेले असताना पटाशीचे दात गेले तर कमान फारशी आखडत नाही. पण कायमची पहिली दाढ येण्याआधी दुधाची दुसरी दाढ गेली तर ती कायमची दाढ पुढे सरकते आणि मागच्या उपदाढेची जागा जाते. नेहमीचा बँड-अँड-लूप (दाताभोवतीच्या पट्टीला जोडलेली, जागा राखणारी तारेची कडी) लावताना ज्या दाताला बँड घालणार तो घट्ट आहे का हे आधी बघा. सैल दातावर लावलेला बँड दातासकट निघून येतो.

कायमच्या दातांबद्दल पालकांना धीर देता येतो, पण हातचे राखून. बहुतेक मुलांत, विशेषतः फक्त दातांच्या आणि बालवयातल्या सौम्य प्रकारात, कायमचे दात दुधाच्या दातांपेक्षा बरेच चांगले टिकतात. ते उशिरा येऊ शकतात, पल्प रुंद असू शकतो, पुढच्या दातांभोवतीचे हाड कमी असू शकते. ऑर्थोडाँटिक उपचार करता येतात, पण हलक्या बलाने आणि आधी हाड पाहून. दर सहा महिन्यांनी पटाशीच्या दातांची हालचाल श्रेणीत नोंदवा. "थोडे हलते" या नोंदीची पुढच्या वर्षी तुलना करता येत नाही.

---

गुणसूत्र

आनुवंशिकतेचे थोडक्यात. दोष एएलपीएल या जनुकात, पहिल्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर. चारशेहून जास्त वेगवेगळे बदल नोंदलेले आहेत. तीव्र प्रकार बहुधा दोन्ही प्रतींमध्ये दोष असताना होतात : आई-वडील वाहक, प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता. फक्त दातांचा प्रकार बऱ्याचदा एकाच प्रतीतल्या दोषाने होतो, तेव्हा प्रत्येक अपत्याला ५० टक्के. एन्झाइमचे दोन रेणू जोडीने काम करतात; काही बदलांत खराब रेणू चांगल्यालाही निकामी करतो, म्हणून एकच सदोष प्रत पुरते.

व्यवहारात याचा अर्थ : मुलाबरोबर आई-वडील आणि भावंडांचेही एएलपी बघा. ही तपासणी साधी आणि स्वस्त आहे. आई किंवा वडिलांना विचारा की लहानपणी दात लवकर पडले होते का, पायाच्या चवड्याचे हाड मार नसताना मोडले होते का, कायमचे दात कमी वयात गेले का. एकाच घरात तोच बदल असूनही एकाचे फक्त दात जातात आणि दुसऱ्याची हाडे दुखतात. म्हणून "फक्त दातांचा" हे लेबल आजच्या तारखेचे समजावे आणि वर्षातून एकदा उंची, चाल आणि हाडांची चौकशी चालू ठेवावी.

डेंटिस्टांनी बालरोग-एंडोक्राइन तज्ज्ञाकडे किंवा जेनेटिक्सकडे पाठवताना चिठ्ठीत लिहायचे ते असे : कोणता दात कोणत्या महिन्यात पडला, मुळाची लांबी मिलिमीटरमध्ये, मार लागल्याचा इतिहास आहे की नाही, हिरडीची अवस्था, एक्स-रेतला पल्प आणि हाड, एएलपीचे सगळे आकडे तारखांसह आणि घरातल्या इतरांचे आकडे. दाताचा फोटो जोडा. एएलपीचा अहवाल टाइप करून पाठवण्यापेक्षा मूळ प्रतीची छायाप्रत लावा. उतरवून घेताना रेंज, पद्धत आणि नमुना घेतल्याची वेळ हमखास गळते, आणि समोरच्याला पुन्हा सगळे पहिल्यापासून करावे लागते.